आजारी मुलांची पुस्तके आणि आपली निरोगी समीक्षा

बालसाहित्यावरच्या आपल्या चर्चासत्रांत एक वाक्य हमखास ऐकू येते : अमुक पुस्तक उपयुक्त आहे, पण ते साहित्य नव्हे. दात घासायला शिकवणारी, रस्ता ओलांडायला शिकवणारी, शाळेच्या पहिल्या दिवशी रडू नये म्हणून लिहिलेली पुस्तके या एका वाक्याने दाराबाहेर काढता येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांबद्दल हळहळ वाटण्याचे कारणही नाही. पण त्याच वाक्याने कर्करोगाच्या उपचारांतून जाणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहिलेली पुस्तकेही बाहेर जातात. ती डॉक्टरांची, समुपदेशकांची, सेवाभावी संस्थांची बाब ठरते. आपण तिच्याकडे फार तर आदराने पाहतो, आणि समीक्षेत आदर हा दुर्लक्षाचा सभ्य प्रकार असतो, हे या पानांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. माझा आक्षेप या सभ्यपणाला आहे. ही पुस्तके फसतात ती वैद्यकीय माहिती चुकल्यामुळे क्वचितच. ती फसतात निवेदकामुळे, रूपकामुळे आणि शेवटामुळे. म्हणजे नेमक्या त्या तीन गोष्टींमुळे, ज्या तपासण्यासाठी आपल्याला पगार मिळतो.

सर्वांत गाजलेल्या उदाहरणापासूनच सुरुवात करू. एलेनॉर कोअर या लेखिकेचे सादाको आणि तिच्या हजार कागदी पक्ष्यांविषयीचे पुस्तक १९७७ साली आले. अणुस्फोटविरोधी बालसाहित्य म्हणून ते जगभर वाचले जाते; आपल्याकडेही शिक्षकांच्या वर्तुळात ही गोष्ट परिचित आहे. सादाको सासाकी ही खरीखुरी मुलगी. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. १९५५च्या फेब्रुवारीत ती रक्ताच्या कर्करोगाने रुग्णालयात दाखल झाली आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला, बाराव्या वर्षी, वारली. कागदाचे हजार क्रौंच पक्षी घडी घालून केले तर मनातली इच्छा पुरी होते, ही जपानी समजूत तिच्या कानावर आली होती आणि ती पलंगावर बसून पक्षी करत राहिली. कोअरच्या पुस्तकात तिचे ६४४ पक्षी पुरे होतात आणि ती जाते. उरलेले मैत्रिणी आणि वर्गमित्र करतात. डोळे न भिजवता ही पाने वाचणे अवघड आहे.

फक्त तसे घडलेले नाही. तिचा भाऊ मासाहिरो आणि हिरोशिमाचे शांतता-स्मृती संग्रहालय या दोघांच्या सांगण्यानुसार हजाराचा आकडा तिने ऑगस्टच्या अखेरीसच ओलांडला होता. त्यानंतरही ती पक्षी करतच होती.

कादंबरीकाराला तपशील बदलण्याचे स्वातंत्र्य असते, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न असा, की या बदलाने गोष्टीचे काय झाले? ६४४वर थांबणारी गोष्ट नवसाचा हिशोब शाबूत ठेवते. हजार झाले असते तर? असा एक 'तर' वाचकाच्या मनात उरतो आणि त्याच्याच बळावर ती गोष्ट हळवी होते. खऱ्या सादाकोने हजार पुरे केले, इच्छा पुरी झाली नाही, आणि तरीही तिने पुढचा कागद हातात घेतला. या दुसऱ्या गोष्टीत हिशोब कोसळतो, आणि उरते ती हिशोबापलीकडे घडी घालत राहिलेली एक मुलगी. पहिली गोष्ट निरोगी वाचकाला रडवण्यासाठी उत्तम आहे. पण तीच गोष्ट सलाईन लावून पडलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला वाचून दाखवा. तिला त्यातून जे ऐकू येईल ते असे : सादाको कमी पडली. साडेतीनशे पक्ष्यांनी कमी पडली. आजारी मूल आपल्या आजाराचे कारण स्वतःच्या वागण्यात शोधत असतेच. मी खोटे बोललो म्हणून झाले का, दूध सांडले म्हणून झाले का. त्या शोधाला हे पुस्तक एक आकडा पुरवते.

सादाकोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदली गेली आहे, आणि मला ती पक्ष्यांपेक्षाही अस्वस्थ करते. तिच्या आजाराचे नाव तिला सांगितले गेले नव्हते. पण आपल्या रक्ततपासण्यांचे आकडे ती गुपचूप टिपून ठेवत होती. तो कागद तिच्या मृत्यूनंतर सापडला. म्हणजे मोठी माणसे तिच्यापासून लपवत होती आणि आपल्याला कळले आहे, हे ती मोठ्यांपासून लपवत होती.

हे एका मुलीपुरते नाही. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ संशोधिकेने अमेरिकेतल्या एका रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांमध्ये दीर्घकाळ राहून अभ्यास केला. तिचे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. तीन ते नऊ वर्षे वयाची ही मुले. त्या काळात त्यांतली बहुतेक वाचत नसत, आणि त्यांना काही सांगायचे नाही असा मोठ्यांचा अलिखित करार असे. तिला आढळले ते असे, की कोणीही न सांगता मुलांना हळूहळू सर्व कळते. औषधांची नावे, तपासण्यांचा क्रम, कोणत्या खाटेवरचे मूल परत आले नाही, डॉक्टर दाराबाहेर किती वेळ बोलले, यांवरून ती अंदाज बांधतात, एकमेकांना विचारतात, आणि मग आईबापांसमोर काहीच ठाऊक नसल्याचे नाटक करतात, कारण ते मोडले तर आईबाप खोलीत थांबणार नाहीत अशी त्यांना भीती असते. या परस्पर-सोंगाची व्यवस्था आधीच्या समाजशास्त्रज्ञांनी प्रौढ रुग्णांच्या बाबतीत दाखवली होती. तीन-चार वर्षांचे मूलही त्यात निष्णात असते हे या पुस्तकाने दाखवले. आपण बालमानस, बालसुलभ, निरागस असे शब्द उत्तरपत्रिकांतून किती सहज चालू देतो! वास्तविक त्या खोलीत निरागस असण्याचे काम मोठी माणसे करत होती आणि सांभाळून घेण्याचे काम मुले.

आता या पार्श्वभूमीवर 'शूर बाळा'ची पुस्तके वाचून पाहा. रुग्णालयांत आणि संस्थांतून वाटल्या जाणाऱ्या सचित्र पुस्तिकांचा साचा आता जगभर सारखाच झाला आहे. एक हसरे मूल. त्याच्या शरीरात शिरलेल्या वाईट पेशी, ज्यांना भुवया आकसलेले चेहरे असतात. औषध नावाचे सैनिक. ढाल, तलवार, घनघोर युद्ध. डोक्यावरचे केस तात्पुरते शहीद होतात. शेवटच्या पानावर विजय. मराठीत ही भाषा वेगळी आणावी लागत नाही, ती वर्तमानपत्रांत रोज असते : कर्करोगाशी झुंज, कर्करोगावर मात, आणि माणूस गेला की झुंज अपयशी. रूपकाचे तर्कशास्त्र मुलाला आपल्यापेक्षा लवकर कळते. जो जिंकतो तो शूर असेल, तर पलीकडच्या खाटेवरचा जो परत आला नाही तो कोण? सूझन सॉन्टॅगने १९७८ साली, स्वतः कर्करोगाचे उपचार घेतल्यानंतर, आजाराला रूपकांतून सोडवण्याची मागणी केली. तिचा निबंध आपल्याकडे अभ्यासक्रमांच्या संदर्भसूचीत असतो. मुलांच्या पुस्तिकांपर्यंत तो पोचलेला नाही, कारण तो पोचवणे हे आपले काम आहे असे आपल्याला वाटलेले नाही.

शूर बाळ मुळात कोणाला हवे असते, याचा इतिहास उद्बोधक आहे. १९४७-४८च्या सुमारास बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना एक नवे औषध देऊन आजार काही काळ तरी मागे हटवता येतो हे दाखवले. (ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिथे आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव काम करत होते, हे जाता जाता.) संशोधनाला पैसा हवा होता. मे १९४८मध्ये एका लोकप्रिय रेडिओ-कार्यक्रमातून फार्बर यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या खाटेजवळचे संभाषण देशभर ऐकवण्यात आले. त्याला 'जिमी' असे टोपणनाव दिले गेले. त्याचे आवडते बेसबॉल खेळाडू एकामागून एक खोलीत आले. दोन लाखांहून अधिक डॉलर जमले. त्या निधीने मुलांचे प्राण वाचले, त्याविषयी एक अवाक्षर काढायचे नाही. पण त्या क्षणी एक वाङ्मयीन पात्रही जन्माला आले : धीट, गोड, कृतज्ञ, आणि आजाराचे नाव न घेणारे आजारी मूल. ते दात्याच्या सोयीसाठी घडले होते. मूळ मुलगा जगला, ट्रक चालवत पोटाला मिळवू लागला, आणि थेट १९९८ साली लोकांसमोर आला; तोवर बहुतेकांनी तो कधीच गेला असे गृहीत धरले होते. पात्र जगभर फिरत होते, माणसाची चौकशी कोणी केली नव्हती. आजच्या पुस्तिकांतले शूर बाळ त्याच पात्राचे वंशज आहे.

खऱ्या उपचारांत मूल शूर नसते, आणि ते नसावेही. रक्ताच्या कर्करोगाचा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार घेतला, तर पहिल्याच महिन्यात स्टिरॉइडचे मोठे डोस असतात. मूल रात्री दोन वाजता उठून भात मागते, ताट पुढे आले की भिरकावते, आईला चावते, तासाभराने रडते. गाल सुजतात. पाठीच्या मणक्यात सुई घालून औषध सोडतात, तेव्हा दोघांना त्याला वाकवून धरावे लागते, आणि त्या दोघांत एक बहुधा बाप असतो. हे मूल 'शूर बाळ' वाचते तेव्हा त्याला एकच गोष्ट समजते, की गोष्टीतले मूल आपण नाही. आईलाही समजते, की गोष्टीतली आई आपण नाही, कारण ती पहाटे त्याच्यावर ओरडली होती.

शेवटाचा प्रश्न तर याहून गंभीर आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने कान टवकारावेत अशी ही जागा आहे. या आजाराचे उपचार दोन ते अडीच वर्षे, कधी त्याहून अधिक चालतात. पहिल्या महिन्याअखेर बहुतेक मुलांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसेनासा होतो. मग काही महिन्यांचे तीव्र उपचार. त्यानंतरचा जो सर्वांत लांब टप्पा, त्यात केस परत येतात, मूल धावू लागते, शाळेत जाते. आणि रोज एक प्रकारची गोळी, आठवड्यातून एकदा दुसरी, असे वर्ष-दीड वर्ष किंवा जास्त घ्यावे लागते. या गोळ्या वारंवार चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. उपचार अर्धवट सोडले जाणे हे गरीब देशांत मुले दगावण्याचे एक मान्य कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. आणि आपल्या गोष्टींचा शेवट कुठे होतो? केस परत येतात तिथे. टोपी उडते, डोके काळेभोर दिसते, सर्वजण टाळ्या वाजवतात. म्हणजे जिथे खरी कंटाळवाणी, बिनटाळ्यांची, दररोजची निष्ठा सुरू व्हायची, तिथे गोष्ट कुटुंबाला सांगते, की संपले. गोष्टीने एखादे कुटुंब उपचार सोडते असा माझा दावा नाही; सोडण्याची कारणे पैसा, अंतर आणि शेती ही असतात. पण सुखान्ताचा संकेत ही केवळ अभिरुचीची बाब आहे असे म्हणणाऱ्याने हा टप्पा एकदा समजून घ्यावा.

चार्ल्स शुल्झसारखा खरा कलावंतही या संकेताला चुकला नाही. त्याच्या चार्ली ब्राउनच्या जगातली जेनिस ही मुलगी १९९० साली दूरचित्रवाणीवर आणि पुस्तकात आली. तिला रक्ताचा कर्करोग होतो, आणि त्या आजाराचे नाव तिथे स्वच्छ उच्चारले जाते. हा रोग जवळ बसल्याने लागतो की काय ही भीती तिथे आहे; टक्कल पडल्यावर शाळेत चिडवणारा मुलगा आहे; आणि, जे फार दुर्मीळ आहे, तिच्या बहिणींची कुरकुर आहे, की सगळे लक्ष हिच्याकडेच. एवढे धाडस केल्यावर शेवटी जेनिस झोपाळ्यावर बसते, टोपी उडते, केस दिसतात. पानगळ ते वसंत, एवढ्यात सारे आटोपते. शुल्झला दोष द्यायला जीभ रेटत नाही, तरी द्यायला हवा.

मग चांगले पुस्तक कसे असते? पॅट्रिक नेस याची 'अ मॉन्स्टर कॉल्स' ही कादंबरी २०११ सालची. तिची मूळ कल्पना शिव्हॉन डाऊड या लेखिकेची. ती २००७ साली स्तनाच्या कर्करोगाने गेली आणि अपुरी राहिलेली कल्पना नेसने पुरी केली. तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने आजारी आहे. घराजवळचा प्रचंड वृक्ष रात्री चालत येतो, तीन गोष्टी सांगतो, आणि चौथी कॉनरने सांगावी अशी अट घालतो. ती चौथी गोष्ट म्हणजे कॉनरचे गुपित : हे सारे एकदाचे संपावे असे त्याला वाटत होते. आई जाऊ नये असेही वाटत होते, आणि संपावे असेही. आजारी माणसाच्या घरात हा विचार कोणाच्या मनात आला नसेल? आणि तो मुलाच्या तोंडी घालण्याचे धैर्य कोणत्या पुस्तिकेने दाखवले आहे? या कादंबरीत आणखी एक बारकावा आहे. कॉनर शाळेत मारामारी करतो, घरात नासधूस करतो, आणि कोणी त्याला शिक्षाच करत नाही. कीव माणसाला अदृश्य करते, हे दोन प्रसंगांत सांगून लेखक पुढे जातो. आई अखेर वाचत नाही. तरीही हे पुस्तक उपयुक्त आहे, आणि ते उपयुक्त आहे ते साहित्य म्हणून उत्तम असल्यामुळेच. वरील गुपित उपदेशाच्या वाक्यात सांगता येत नाही, त्यासाठी तीन आडवळणाच्या गोष्टी लागतात.

एरिक-इमॅन्युएल श्मिट या लेखकाची छोटी फ्रेंच कादंबरी २००२ सालची. दहा वर्षांचा ऑस्कर, रक्ताचा कर्करोग, अस्थिमज्जारोपण फसलेले. आईबाप आणि डॉक्टर बंद दाराआड बोलतात ते तो ऐकतो. आईबाप त्या दिवशी त्याला न भेटताच निघून जातात, आणि तो त्यांना भेकड म्हणतो. त्याच्याकडे येणारी एक वृद्ध स्वयंसेविका एक खेळ काढते : यापुढचा प्रत्येक दिवस दहा वर्षांचा समजायचा. मुलगा काही दिवसांत तरुण होतो, प्रेमात पडतो, म्हातारा होतो. कथानकात गोडवा जरा अधिक झाला आहे, हे मान्य. पण हा खेळ आणि मोठ्यांचे सोंग यांतला फरक पाहा. खेळ खोटा आहे हे दोघांनाही माहीत आहे, आणि म्हणून त्यात दोघे एकत्र राहू शकतात. सोंगही खोटे आहे हे दोघांना माहीत आहे, पण एकमेकांना माहीत असल्याचे कबूल नाही, म्हणून त्यात दोघेही एकटे. कल्पित आणि असत्य हे एक नव्हे, असे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देतो. कोणाच्या तरी पलंगाशेजारी या फरकावर सारे काही अवलंबून असते, हे मात्र सांगत नाही.

यावर एक ठरलेले उत्तर येते : हे सर्व पाश्चात्त्य, आपल्या संस्कृतीत मुलांशी मरणाविषयी बोलत नाहीत. कोणत्या संस्कृतीत? ज्या संस्कृतीत नचिकेत नावाचा मुलगा थेट यमाच्या दारात बसून त्यालाच मरणाविषयी विचारतो, तिच्यात? की ज्या मराठीत साने गुरुजींची 'श्यामची आई' तीन-चार पिढ्यांच्या मुलांनी वाचली? १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक रात्रीमागून रात्र आईच्या आजाराकडे आणि मृत्यूकडे सरकत जाते, आणि श्याम तिच्या अखेरच्या क्षणी जवळ नसतो. उशिरा पोचलेल्या मुलाची टोचणी त्यात आहे. त्या पुस्तकाच्या संस्कारवादाविषयी काय म्हणायचे ते म्हणा, पण ते मुलांपासून मरण लपवत नाही. लपवणे ही आपली परंपरा नव्हे. ती अलीकडच्या मध्यमवर्गीय घरांची सोय आहे.

त्या पुस्तकावरच्या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवर सर्वोत्कृष्ट ठरलेला मराठी चित्रपट यायला पन्नास वर्षे लागली, आणि तो निघाला 'श्वास' : माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा, संदीप सावंत यांचा, २००४ साली पडद्यावर आलेला. कोकणातले आजोबा, डोळ्यांचा कर्करोग झालेला नातू परशा, डोळे काढले तरच जीव वाचणार. त्यातला डॉक्टर एका गोष्टीवर अडून बसतो, की शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला खरे सांगितलेच पाहिजे. आजोबांची जीभ उचलत नाही. मराठी कथेने हा प्रश्न असा नेमका मांडला होता. आपण काय केले? चित्रपटगृहात रडलो, ऑस्करच्या वारीसाठी वर्गणी दिली, आणि परशाच्या वयाच्या, परशासारख्याच मुलाला वाचून दाखवता येईल असे एक पुस्तक त्या कथेतून निघावे, असे कोणालाही सुचले नाही. 'श्वास' ही आजोबांची गोष्ट आहे, आणि ती त्यांची असण्यात गैर काही नाही. काळा चष्मा लावून गावी परतणाऱ्या परशाची गोष्ट मात्र लिहायची राहिली.

पालकांच्या बाजूने येणारा आक्षेप याहून खरा आहे. कोणत्या आईने स्वतःच्या मुलाला हे सांगायचे? इथे स्वीडनमधल्या एका अभ्यासाची आठवण करून द्यावीशी वाटते. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. कर्करोगाने मूल गमावलेल्या चारशेहून अधिक पालकांना विचारले गेले, की तुम्ही मुलाशी मृत्यूविषयी बोलला होतात का. जे बोलले होते त्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. जे बोलले नव्हते त्यांपैकी सुमारे २७ टक्के पालकांना बोललो असतो तर बरे झाले असते असे वाटत होते. अर्थात न बोललेल्यांपैकी बहुसंख्यांना पश्चात्ताप नव्हता, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. सर्वांनी सर्व काही सांगावे असा फतवा कोणी काढू नये. पुस्तकाची सोय हीच, की ते फतवा काढत नाही. आई आणि मूल एकाच पानावर बघत असतात, एकमेकांकडे नाही. गोष्टीतल्या मुलाविषयी प्रश्न विचारता येतो, आणि नको वाटले तर पान उलटता येते. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही त्याला तिसरी जागा देणे, हे साहित्याचे काम नसेल तर आपण इतकी वर्षे कशाला साहित्य म्हणत आलो?

अनुवादाने हे काम भागणार नाही. इंग्रजी पुस्तकांतल्या मुलाला स्वतःची खोली असते, कुत्रा असतो, आणि आई गाडीने रुग्णालयात नेते. परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कितीतरी मूल जिल्ह्याच्या गावातून रात्रीच्या गाडीने आलेले असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, २००६पासून सेंट ज्यूड संस्थेने उभारलेली निवासकेंद्रे, हे त्याचे त्या वर्षांतले घर. ज्यांना तेही मिळत नाही त्यांचा पदपथ. बाप पेरणीला परत गेलेला असतो. धाकटा भाऊ आजीकडे, आणि त्याला सांगितलेले असते की दादा मुंबईला शिकायला गेला आहे. खोलीत शेजारी बंगाली किंवा भोजपुरी बोलणारे कुटुंब. आई वाचू शकतेच असेही नाही, तेव्हा पुस्तक ऐकण्याजोगे, चित्रांवरून सांगण्याजोगे हवे. त्या धाकट्या भावाच्या तोंडून लिहिलेली एखादी कथा मी अजून शोधतो आहे : दादाला सगळे देतात, मला कोणी काही सांगत नाही, आणि दादा परत आला तर तो आता कोणाच्या बाजूला झोपणार?

असे पुस्तक लिहायला कोण बसेल ते ठाऊक नाही, पण त्याची भाषा तयार आहे. वॉर्डातली मुले 'काउंट पडला' म्हणतात, 'आज पाठीतली सुई आहे' म्हणतात. केमोचे दिवस, लाल औषधाचा दिवस, घरी सोडण्याचा दिवस, अशी त्यांची स्वतःची कालगणना असते. शौर्य, झुंज, मात हे शब्द त्यांच्या बोलण्यात पाहुण्यांनी आणून ठेवलेले असतात. दरवर्षी आपले विभाग बोलींच्या सर्वेक्षणासाठी विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रक देऊन गावोगाव पाठवतात. परळच्या त्या धर्मशाळांच्या ओट्यावर त्यांतला एकही विद्यार्थी गेल्याचे ऐकिवात नाही.